माघी बरोबर सहा

जव्हार,
शुक्रवार

प्रिय नीता,

परवा दुपारी दिपेशने जीप थेट कॉलेजच्या फाटकात आणून उभी केली आणि हॉर्नवर असा हात ठेवला, की वरच्या वर्गातली पोरंसुद्धा खिडकीला लोंबकळली. मी जिने उतरून धावत खाली गेले. गाडीत माणसं कोंबलेली, टपावर कोंबड्यांची पाटी, आणि हा पठ्ठ्या स्टिअरिंगवरूनच ओरडतोय, "ताई, रविवारी पोशेऱ्याला यायचा. पोरीचा नाव ठेवाचा आहे. नीताताई बोलली, जयश्री सांगंल तोच नाव." एवढं बोलून त्याने गाडी हाणली. मी फाटकात उभी, हातात खडू, आणि मागे वॉचमन विचारतोय, काय झालं मॅडम, घरी सगळं ठीक ना. अगं, निरोप धाडायची ही काय रीत झाली? आजी म्हणून कोंडीमावशी म्हणतात, पोरीचं नाव माघी. बाप म्हणून नवसूदादा म्हणतात माघी. भगताने दाणे टाकून कौल पाहिला, त्यातही माघीच आली. एकटी तू गप्प. पोर महिन्याची होत आली तरी तू तिला एकदाही हाक मारलेली नाहीस, आणि शिमग्याच्या आधी नाव पडायलाच हवं म्हणून हा सगळा गुंता माझ्या गळ्यात टाकून तू मोकळी झालीस. शाळेत अवघड गणित आलं की वही माझ्याकडे सरकवून अशीच खिडकीबाहेर बघत बसायचीस.

फोनवर बोलावं म्हटलं, तर तुझ्याकडे रेंज फक्त वर टेकडीच्या टेपावर, आणि टेपावर अर्धा गाव आधीच फोन घेऊन उभा. तिथे तू मला काय सांगणार आणि मी तुला काय सांगणार? त्यातून तू हल्ली फोनवर फक्त हूं करतेस. म्हणून हे पत्र. दिपेश उद्या सकाळी मोखाड्याच्या फेरीला निघेल तेव्हा त्याच्या हाती देणार आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही, अशी तंबी देईन. तू दहावीपर्यंत शिकलीस ते अशा वेळी कामाला येऊ दे. माझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीच्या पायाचं. गुरुजी म्हणायचे, जयश्रीचं उत्तर बरोबर असतं, पण ते वाचायला नीता लागते.

इकडची खबर आधी सांगते. मोह टपटपायला लागलाय. पहाटे कॉलेजमागच्या झाडांखाली बायका फुलं वेचायला येतात आणि तो वास खिडकीतून आत येतो, की आश्रमशाळेचं वसतिगृह आठवतं. आपल्या दोघींत मिळून एकच पत्र्याची पेटी होती, आणि तू त्यात मोहाची फुलं वाळत घातलीस म्हणून माझ्या गणवेशाला वर्षभर वास येत होता. बाईंना वाटलं, मी दारू पिऊन वर्गात येते. तेव्हा तुझ्या वाटणीचा मार मी खाल्ला, ते विसरू नकोस. दाभोशाला आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. परीक्षा जवळ आल्यामुळे मला घरी जायला मिळालेलं नाही. आमच्या गणिताच्या पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे आणि अर्ध्यांना अजून कीबोर्डवर कंस सापडत नाही.

तुला भेटून गेले त्याला पंधरवडा झाला. त्या दिवशीचं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. झोळीत पोर, झोळीच्या दोरीला कोंडीमावशींचा हात, आणि त्या माघे, माघे करत झुलवताहेत. त्यांनी मला तिच्या कानामागचा तीळ दाखवला. "बघ, होता ना त्याच जागी?" तुझ्या गेलेल्या थोरलीला तिथे तीळ होता की नव्हता, मला खरंच आठवेना, पण मी मान हलवली. मग त्यांनी कणगीच्या मागून एक पुरचुंडी काढली. तिच्यातली थोरलीची काळ्या मण्यांची मनगटी ओळखायला मला वेळ लागला नाही. तान्ह्या हातात ती कशी बसणार? तीन वेढे घालूनही घसरून पडत होती. नवसूदादा दारात बसून खुशीत म्हणाले, जरा मोठी झाली की हिला परत जव्हारला शाळेत धाडू, परत तुझ्याकडे ठेवू. त्या एका 'परत'वर मी मान वळवली. तुझ्याकडे पाहिलं तर तू पोरीला दूध पाजून पदर सारखा करत होतीस आणि तुझं तोंड भिंतीकडे होतं.

मग आपण दोघी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो. हंडा भरून वाहायला लागला तरी तू नळ बंद केला नाहीस. तू एकच वाक्य बोललीस, तेही हंड्याकडे बघत. "ही जर माघी, तं मंग मातीत ठेवली ती कोण?" नीता, मी गणिताची बाई. दिवसभर पोरांना उत्तरं देणं हा माझा धंदा. तुझ्यापुढे मी फक्त नळ बंद केला, हंडा तुझ्या डोक्यावर दिला, आणि आपण परत घरात गेलो. जीपमध्ये बसले तेव्हा मला रडू आलं आणि दिपेशने गाण्याचा आवाज वाढवला. समजूतदार आहे पोरगा.

एक सांगू? कोंडीमावशींवर रागावू नकोस. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. माघात जन्मलेली ती माघी, हे त्यांच्या दृष्टीने इतकं सरळ आहे, की त्यात विचारायचं काय ते त्यांना कळत नाही. आणि पोर अखंड रडत होतं, दाण्यांत माघीचं नाव आलं तेव्हा गप्प झालं, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "तिचा नाव तिनंच मागला, आपण कोण नाय बोलनार?" आपल्या डोंगरात नावं अशीच फिरत आली आहेत. गेलेल्या माणसाचं नाव घरात पुन्हा बसतं आणि घर भरल्यासारखं वाटतं. माझं घरातलं नाव चंदरी, ते माझ्या आजीच्या आईचं. जयश्री तर गुरुजींनी शाळेत घालताना ठेवलं, त्यांना चंदरी लिहायला बरं वाटेना. आणि कोंडीमावशींनी नात गेल्यावर किती दिवस अन्न टाकलं होतं, ते तूच मला सांगितलं होतंस. आता घरात कुणी माघे म्हटलं की ओ द्यायला कुणीतरी आहे, यातच त्यांचा जीव आलाय. तो काढून घ्यायला मी कशी सांगू?

पण तुझंही खोटं नाही. म्हणून तर बुधवारपासून माझं डोकं चालेनासं झालंय. नवं नाव सुचव म्हणशील तर कॉलेजच्या हजेरीत नावं ढिगाने पडली आहेत. ममता आहे, प्रगती आहे. मी रविवारी येऊन एखादं नाव मोठ्याने म्हणेन, लोक गूळ वाटतील, आणि कोंडीमावशी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माघे म्हणून हाक मारतील. तू पुन्हा भिंतीकडे तोंड करशील. आणि ते पोर दोघींच्या मधे. मला नावाची फिकीर नाही, नीता. तू त्या पोरीकडे बघत नाहीस, याची आहे. पाजतेस, न्हाऊ घालतेस, सगळं करतेस, पण तिच्याशी बोलत नाहीस. थोरलीशी ती पोटात असल्यापासून तू बोलायचीस, मी ऐकलंय. नाचणी निवडताना, चूल फुंकताना तुझी नुसती बडबड चालायची. तेवढ्याचसाठी मला काहीतरी शोधायचं होतं. आणि ते सापडलं आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, रुपीच्या रडण्यातून. हसू नकोस, नीट वाच.

तुला ती खोली आठवते ना? माघीला न्यायला आली होतीस तेव्हा दाराबाहेर चपला काढून उंबऱ्यावरच उभी राहिलीस, किती म्हटलं तरी आत येईनास. तिथे आम्ही पोरांना गणित सोडवणारं एक सॉफ्टवेअर शिकवतो. नुसती बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र नव्हे, हे अक्षरांचं गणित करतं. त्याला समीकरण द्यायचं, त्यात एक्स असेल, ए असेल, त्यांची किंमत आपल्याला ठाऊक नसते, आणि ते अक्षरं तशीच ठेवून उत्तर मांडून देतं. मात्र एक गोष्ट आहे. तुम्ही त्याला एकदा सांगितलंत, की ए म्हणजे पाच, की ते लक्षात ठेवतं. मग तुम्ही कुठेही ए लिहा, ते मनात पाच धरून चालतं. तुम्हाला सांगतही नाही. इमानी आहे बिचारं, जरा जास्तच.

पूर्वी याचा त्रास नव्हता, कारण आमच्याकडे वीज टिकतच नव्हती. पोरांनी काहीबाही सांगून ठेवायचं, दुपारी वीज जायची, आणि सगळं पुसलं जायचं. पुढची तुकडी यायची तेव्हा यंत्र कोरं. आम्ही विजेच्या नावाने बोटं मोडायचो, पण पाटी पुसायचं काम तीच करत होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. यंदा दिवाळीनंतर मोठा इन्व्हर्टर बसला. प्राचार्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि त्या आठवड्यापासून पोरांची गणितं चुकायला लागली. सकाळच्या तुकडीने सांगितलेलं दुपारच्या तुकडीच्या गळ्यात. मुंबईपुण्याच्या कॉलेजात ही चूक होत नसेल, कारण तिथल्या पोरांना पहिल्या दिवशीच पुसायला शिकवत असतील. आम्हाला वीजच पुसून देत होती, तर आम्ही कशाला शिकवतोय?

काल रुपीचं झालं. आमच्या दाभोशाचीच पोर, जीपला लोंबकळत येते, पण एक तास चुकवत नाही. तिला एक समीकरण सोडवायचं होतं, ज्याच्या उत्तरात ए यायला हवा होता. यंत्राने दिलं काय, तर दोन आणि तीन. स्वच्छ, गुळगुळीत आकडे. तिने पुन्हा लिहिलं, तेच. सगळं खोडून पहिल्यापासून लिहिलं, तेच. शेजारची शहाणी म्हणाली, ए वापरूच नको, डबल ए वापर. रुपी ऐकेना, पुस्तकात ए आहे तर मी ए का सोडू. मी पोचले तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून रडत होती. मी पाहिलं, तिचं एक अक्षर चुकलेलं नव्हतं. सकाळी कुणीतरी ए ला पाच करून गेलं होतं आणि यंत्र मुकाट तेच धरून बसलं होतं. मी तिला समजावलं, तेव्हा डोळे पुसत ती म्हणाली, "म्हंजे मॅडम, ए बिचारा आता कायम पाचच राहनार? त्याला दुसरा काय होताच येनार नाय?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मला त्या क्षणी तुझी झोळी दिसली, आणि त्या एवढ्याशा मनगटावरून घसरणारे काळे मणी.

पुसायला आज्ञा आहे. तिचं नाव इंग्रजीत किल. मारून टाक. कंसात अक्षर लिहायचं, की त्या अक्षराला चिकटलेली किंमत गेली. सगळंच पुसायचं असेल तर किल ऑल. एकाने घाईत तेच केलं आणि स्वतःची महिनाभराची मेहनतही धुऊन टाकली, मग डोक्याला हात लावून बसला. मी पोरांना दिवसभर सांगते, आधी किल करा, मग गणित करा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. पण माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, एका नावासाठी, मला ती आज्ञा तीन वर्षांत देता आलेली नाही.

आता ते सांगते. तुम्ही दोघं दिवाळीनंतर वसईकडे कामाला जायचात म्हणून माघी माझ्याकडे शाळेला राहिली, तेव्हा शाळा सुटली की ती कॉलेजात यायची. माझ्या शेजारचं उंच स्टूल तिचं. पाय लोंबकळत ठेवून ती नाचणीची भाकरी आणि गूळ खायची आणि कीबोर्डवर तुकडे सांडायची. पोरं तिला लहान मॅडम म्हणायची. एकदा तिने हट्ट धरला, की मलाही यंत्राशी बोलायचंय. मी तिला तिचं नाव इंग्रजीत लिहायला शिकवलं, आणि त्यापुढे दोन टिंबं देऊन तिच्या वयाचे पाच लिहायला सांगितलं. माघी म्हणजे पाच. मग म्हटलं, आता नुसतं नाव लिही. तिने दोन हातांच्या दोन बोटांनी उत्तराची दोन बटणं एकदम दाबली आणि यंत्राने उत्तर दिलं, पाच. नीता, ती स्टुलावरून पडायचीच बाकी होती. तिला वाटलं, यंत्र तिला ओळखतं. त्या दिवसापासून आल्याआल्या आधी नाव लिहायचं, पाच आलं की मगच डबा उघडायचा. पण वीज गेली की यंत्र विसरायचं, आणि मग ही रुसायची. म्हणून मी तिची ओळ एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवली, जी यंत्र सुरू होतानाच वाचतं. आता वीज गेली काय नि आली काय, माघीला ते विसरत नव्हतं. माघ आला, तिचा वाढदिवस झाला, तिने स्वतःच्या हाताने पाचाचे सहा केले आणि मला बजावलं, "पुढल्या माघात सात मीच करनार. तू हात नाय लावाचा." मग ती सुट्टीला घरी गेली, आणि पावसात तो ताप आला. पुढचं तुला माहीत आहे. ते मी लिहीत नाही.

मी हात लावला नाही. तिने बजावलं होतं. तीन माघ येऊन गेले. रोज सकाळी खोली उघडली की मी आधी माघी लिहिते, यंत्र सहा म्हणतं, आणि मग माझा दिवस सुरू होतो. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगून तुला काय मिळणार होतं? तू तिचे कपडे वाटून टाकलेस, फोटो भिंतीवरून काढून ठेवलास, तिचं नाव तोंडातून जाऊ दिलंस, आणि मला वाटायचं, तुझ्यात केवढं बळ आहे. त्या दिवशी हंड्यापाशी कळलं, की ते किल ऑल होतं आणि तुझंही त्यात सगळं गेलं. मी एकही अक्षर पुसलं नाही आणि तू काहीच ठेवलं नाहीस. आपण दोघी एकाच दुखण्याच्या, आणि आता ते नवं पोर त्या नावाशी येऊन थांबलंय, तर तिकडे म्हातारी म्हणते सहा आणि इकडे यंत्र म्हणतं सहा. ती कधी एक व्हायची, कधी दोन?

आज दुपारी पोरं जेवायला गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि बसले. किल लिहिलं, कंस उघडला, आणि पुढे तिचं नाव लिहवेना. ते किलही मी खोडलं. मग यंत्राची माहितीपुस्तिका उघडून बसले, जी आम्ही पोरांना वाचायला सांगतो आणि स्वतः कधी वाचत नाही. तिच्यात दुसरी एक आज्ञा सापडली. ती कुणाला मारत नाही. ती नावाला हात न लावता फक्त त्याची किंमत काढून घेते. पण तीही देण्याआधी मी एक काम केलं. मी नवं नाव लिहिलं, थोरली, आणि यंत्राला सांगितलं, माघीकडे जे आहे ते थोरलीला दे. यंत्र म्हणालं, सहा. त्या सुरुवातीच्या फाईलमध्येही माघीच्या ओळीच्या जागी तसंच लिहिलं, थोरली म्हणजे सहा. ते आता वीज जावो, इन्व्हर्टर बिघडो, तिचं तिच्याकडे राहील. तिला कुणी सात करणार नाही, आणि तिच्या जागी कुणी बसणारही नाही. मग मी माघीवरची किंमत काढून घेतली. तू विचारलंस ना, मातीत ठेवली ती कोण? ती थोरली, नीता. तुझी थोरली माघी. आपल्याकडे एका घरात एकाच नावाची दोन माणसं असली की लोक थोरली आणि धाकटी म्हणतातच की, त्यात नवं काहीच नाही. फक्त आपल्यापैकी कुणाला ते सुचलं नाही, कारण धाकटी आली तेव्हा थोरलीचं नाव घ्यायची घरात कुणाची छाती नव्हती.

म्हणून हे पत्र रविवारच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं. चारचौघांत मी माघी म्हणेन आणि तुला वाटेल, हीसुद्धा त्यांच्यातच मिळाली, तसं व्हायला नको. तुला पटलं तर असं कर. मी येईन, तेव्हा फोटो कुठे ठेवलायस तो काढून दे, आपण दोघी मिळून भिंतीवर लावू. काळे मणी त्या फोटोला घालू, ते थोरलीचे आहेत. मग कोंडीमावशींसमोर तू तुझ्या तोंडाने एकदा म्हण, ही थोरली माघी आणि ही धाकटी माघी. म्हातारी रडेल, रडू दे तिला, नवसूदादांनाही रडू दे. कुणी विचारलं पोरं किती, तर दोन सांग. मग पोरीच्या कानात नाव मी सांगेन, आणि पहिली हाक तू मारायचीस. नाहीच पटलं, तर दिपेशकडे तसा निरोप दे, मी येऊन दुसरं नाव सांगेन आणि म्हातारीशी काय भांडायचं ते मी भांडेन. पण हाक तूच मार, नीता. किंमत काढून घेतल्यावर मी यंत्राला शेवटचं एकदा विचारून पाहिलं. रोजच्यासारखं इंग्रजीत माघी लिहिलं, दोन बटणं दाबली, आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर सहा नव्हते. पाच नव्हते, शून्यही नव्हतं. यंत्राने उत्तर दिलं होतं, माघी.

रविवारी पहिल्या जीपने येतेय, पेढे घेऊन.

तुझीच,
जयश्री